पाखाडीतले वांद्रे आणि यादीतले वांद्रे

मराठी साहित्याच्या वाचकाला वांद्रे म्हटले की रेल्वेच्या पूर्वेकडचे साहित्य सहवास आठवते. पश्चिमेकडचे वांद्रे त्याच्या लेखी दुसऱ्यांचे असते: चर्चचे, सिनेनटांचे, इंग्रजी पाट्यांचे. या समजुतीचा एक धागा ऐतिहासिक वास्तूंच्या याद्यांपर्यंत जातो, असे मला वाटते. कोणत्या वास्तू आपण नोंदवतो आणि कशा नोंदवतो, यावर गावाचा इतिहास कोणाचा ठरतो हे अवलंबून असते. त्या नोंदीच्या पद्धतीची तपासणी येथे करायची आहे.

वांद्रे मुळात मुंबई शहराचा भाग नव्हते. ते ठाणे जिल्ह्यातल्या साष्टीचे गाव. मुंबई उपनगर जिल्हा १९२० मध्ये निराळा झाला आणि १९५० मध्ये वांद्रे बृहन्मुंबईत आले. त्यामुळे त्याची जुनी नोंद सापडते ती जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये. त्यातला १८८२ चा चौदावा खंड प्रेक्षणीय व महत्त्वाच्या स्थळांना वाहिलेला आहे. त्यातील परिश्रम थक्क करणारे आहेत. कान्हेरीच्या लेण्यांवरचा मजकूर आजही बाजूला सारता येत नाही. पण स्थळांचा क्रम इंग्रजी अक्षरांचा आहे आणि दृष्टी दौऱ्यावरच्या अधिकाऱ्याची. जे दगडात उभे आहे आणि ज्याचा बांधणारा सांगता येतो, ते नोंदले जाते. आपल्या आजच्या वारसा याद्यांनी हीच चाकोरी घेतली आहे.

वांद्र्याची नेहमीची यादी पाहा. सेंट ॲण्ड्र्यू चर्च, १५७५. अग्वाद किल्ला, १६४०. लेडी जमशेटजी यांच्या १ लाख ५७ हजार रुपयांच्या देणगीतून झालेला माहीमचा कॉजवे, १८४५. रेल्वे स्थानकाची इमारत, १८८८. माउंट मेरीची आजची वास्तू, १९०४. सालवार वाचले की जेझुइट, पोर्तुगीज सेनाधिकारी, पारशी दानशूर आणि इंग्रज इंजिनियर एकामागून एक येतात आणि जातात. ज्यांच्या गावात हे सारे झाले ते लोक मात्र दिसत नाहीत.

शिवाय या वास्तू एकमेकींशी बांधलेल्या आहेत, तेही यादीतून निसटते. सेंट ॲण्ड्र्यूच्या आवारातला सुमारे १७ फूट उंचीचा एकसंध दगडी क्रूस मुळात तिथला नाही. तो समुद्राकाठच्या सेंट ॲनच्या जेझुइट मठातला. १७३९ च्या धामधुमीत तो मठ गेला, क्रूस उरला आणि पुढे इथे आणून उभा केला गेला. अग्वाद किल्ल्याची मोडतोडही त्याच काळातली. किल्ला मराठ्यांच्या हाती पडला तर मुंबईला धोका, म्हणून इंग्रजांनी तो आधीच पाडून ठेवला. माउंट मेरीची परंपरा सांगते की, डोंगरावरचे जुने चॅपेल मराठ्यांच्या स्वारीत नष्ट झाले. चिमाजी आप्पांच्या वसईच्या विजयाचा अभिमान आपण शाळेपासून बाळगतो. तो बाळगावाही. पण त्याच मोहिमेची दुसरी आठवण वांद्र्याच्या टेकडीवर आहे आणि ती सांगणारेही मराठी बोलणारेच आहेत. माउंट मेरीला ते ‘मोत माउली’ म्हणतात. समुद्रात गेलेली मूर्ती कोळ्याला सापडली, ही तिची कथा. या दोन्ही आठवणी एकत्र ठेवण्याची ताकद मराठी इतिहासलेखनात असायला हवी.

ही माणसे राहतात ती पाखाड्यांत. रानवर, पाली, चिंबई, शेर्ली, राजन ही त्यांतली काही नावे. भातशेतीच्या मधे घरांचा पुंजका, त्याला विहीर आणि क्रूस, अशी ही रचना. १८९६ च्या प्लेगनंतर इथे ठिकठिकाणी क्रूस उभे राहिले. रोगाला अटकाव व्हावा म्हणून लोक तिथे जमून प्रार्थना करीत. रानवरमधले घर नीट पाहिले तर बाहेरून वर जाणारा लाकडी जिना दिसतो. माझ्या मते हा जिना म्हणजे एक दस्तऐवजच आहे. खालच्या घराला वळसा घालून वर जाता येते, म्हणजे माडी भाड्याने देता येते. १८६७ मध्ये विरार ते बॅकबे गाडी सुरू झाली, नोकरदार इकडे राहायला येऊ लागले आणि शेतकरी घरमालक झाला. शेती सरून भाडे आले, हे स्थित्यंतर त्या पायऱ्यांनी नोंदवले आहे. स्थानकाच्या इमारतीला पहिली श्रेणी आहे; पण स्थानकाने गावाचे काय केले, हे त्या जिन्यापाशी कळते.

विहिरीचेही तसेच. ईस्ट इंडियन लग्नात आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवरून पाणी आणतात. त्या विधीला ‘उंबराचं पाणी’ म्हणतात. विहीर बुजली की केवळ एक बांधकाम जात नाही, विधीची जागाच जाते.

मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमांत एकेका इमारतीप्रमाणे परिसराचीही तरतूद आहे, हे मान्य केले पाहिजे. पण श्रेणी लावून जबाबदारी संपत नाही. गावठाणातले घर अनेक वारसांचे, जागा चिंचोळी, लाकूडकाम महाग. दुरुस्तीला मदत नाही आणि बदलाला मनाई, अशी अवस्था झाली तर घरमालकाला वारसा हा दंडच वाटणार. त्याच्या या तक्रारीला ‘बिल्डरधार्जिणी’ म्हणून झटकणे सोपे आहे, न्याय्य नाही. त्या घरात राहण्याचा खर्च त्याचा आणि दर्शनी भागाचे कौतुक आपले, ही वाटणी फार दिवस टिकणार नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, नोंदीचे एकक इमारत नसावे, पाखाडी असावी. घर कोणत्या पिढीत वाढले, माडीवर कोण भाडेकरू आले, क्रुसापाशी प्रार्थना केव्हा होते, विहिरीला पाणी आहे का, हे तिथल्या लोकांच्या बोलीत लिहून घेतले पाहिजे. किल्ला पडका असला तरी आणखी शंभर वर्षे उभा राहील. जिना मात्र एका पुनर्विकासात जातो आणि ‘उंबराचं पाणी’ कुठून आणत होते, हे सांगणारी आजी त्याच्याही आधी जाते.