कच्च्या लिंबासमोरचा पक्का खेळाडू

कार्तिकातली निर्मळची यात्रा उरकते, घरी आणलेली सुकेळी संपत येतात आणि आमच्याकडे स्पर्धांचा मोसम सुरू होतो. कापणी झालेल्या शेतात टेनिस बॉलचं क्रिकेट, हॉलमध्ये कॅरम. काही वर्षांपूर्वी अशाच एका कॅरम स्पर्धेत मी नाव दिलं. फॉर्मवर 'हौशी' लिहिलं होतं. मी कॉलेजच्या संघातून दोन वर्षं खेळलो होतो, पण पैसे कधीच घेतले नव्हते. म्हणजे मी हौशीच, नाही का?

उपांत्य फेरीत समोर एक काका होते. दिवसभर वाडीत राबून, हातपाय धुऊन थेट बोर्डावर आलेले. पहिले दोन बोर्ड मी मुद्दाम ढिले खेळलो. क्वीन घेतली, पण कव्हर चुकवलं. माणूस भला वाटला, एकदम चिरडायला नको, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. अंतिम फेरीतला गडी पलीकडे उभा राहून बघत होता आणि मला माझा खेळ त्याला दाखवायचा नव्हता. तिसऱ्या बोर्डापासून मी हात मोकळा सोडला. सामना संपल्यावर काकांनी बोटांची पावडर झटकली आणि एवढंच म्हणाले, "पहिल्यापासून असाच खेळला असतास ना बाळा, तर हरायला बरं वाटलं असतं."

ते वाक्य डोक्यातून जाईना. पुढे पूल आणि कॅरमवरचे तीन सिनेमे पाहिले, ते त्या वाक्याला सोबत घेऊनच.

पहिला 'द हसलर'. वॉल्टर टेव्हिसच्या 1959 च्या कादंबरीवर रॉबर्ट रॉसेननं 1961 मध्ये केलेला. सुरुवातीलाच एडी फेल्सन आणि त्याचा जोडीदार फिरते विक्रेते बनून एका गावातल्या बारमध्ये शिरतात. एडी प्यायल्याचं सोंग करतो, एक अवघड शॉट 'चुकून' घालतो, दुसऱ्यांदा चुकतो, पैज वाढते आणि मग तोच शॉट तो आरामात घालतो. आपण हसतो, कारण कॅमेरा आपल्याला एडीच्या बाजूला बसवतो. पुढे बंदराजवळच्या एका अड्ड्यावर एक पोरगा त्याला डिवचतो. एडीला सोंग सहन होत नाही, तो खरा खेळ दाखवतो आणि तिथली माणसं त्याचे अंगठे मोडतात.

समीक्षक या प्रसंगाकडे बहुधा एडीची शोकांतिका म्हणून बघतात. ती आहेच. पण मला त्यात सिनेमाची एक मोठी उणीवही दिसते. अंगठे मोडणारे फक्त गुंड म्हणून येतात आणि जातात. पहिल्या प्रसंगात फसलेला बारवाला तर सिनेमा लगेच विसरून जातो. हरलेल्या माणसाला घरी जाताना काय वाटलं असेल, हा प्रश्न रॉसेनला पडतच नाही. हिंसेचं समर्थन मी करत नाही. पण फसवला गेलेला माणूसही त्या टेबलावर होता, हे सिनेमानं दाखवायला हवं होतं. टेबलावरचे बरेच शॉट विली मोस्कोनीनं बसवले होते, 1941 ते 1957 दरम्यान 15 वेळा जगज्जेता ठरलेल्या खेळाडूनं. कौशल्य इतकं अस्सल असल्यामुळे आपण त्याच्यावर भाळतो आणि बारवाल्याला विसरतो.

दुसरा, मार्टिन स्कॉर्सेसीचा 1986 चा 'द कलर ऑफ मनी'. आता एडी म्हातारा झालाय आणि व्हिन्सेंट नावाच्या पोराला हरायला शिकवतोय. मुद्दाम हरलं की पुढची पैज मोठी होते, हे त्याचं शिक्षण. पोरगा ते इतकं चांगलं शिकतो की अटलांटिक सिटीच्या स्पर्धेत खुद्द एडीसमोरच तो मुद्दाम हरतो आणि नंतर पैजेतला वाटा पाकिटात आणून देतो. पॉल न्यूमनचा तिथला चेहरा बघा. सामना हरला असता तरी हा माणूस एवढा खचला नसता. पाकिटामुळे त्याचा विजयच खोटा ठरतो. पहिल्या सिनेमानं विसरलेला बारवाला इथे एडीच्याच रूपात परत येतो. म्हणून मला हा सिनेमा पहिल्यापेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो. त्यातला टॉम क्रूझचा नाच मात्र थोडा कमी चालला असता.

तिसरा आपल्या घराजवळचा. चंदन अरोराचा 'स्ट्रायकर', 2010 चा, मालवणीतला. विरार लोकलनं मालाडला उतरलं की रिक्षानं मालवणी. सूर्या कॅरममध्ये तरबेज आहे, दुबईच्या नोकरीच्या नादात फसतो आणि जुगाराच्या कॅरमकडे वळतो. इथल्या कौशल्याला गरिबीचा वास आहे, हे या सिनेमाचं बळ. पण बोर्डावर काय घडतंय यापेक्षा पैज कितीची आणि समोरचा दादा किती क्रूर यावरच ताण उभा राहतो. प्रतिस्पर्धी खलनायक असला की त्याला हरवण्यात नैतिक अडचण उरत नाही. माझ्या काकांसारखा साधा, बरा खेळणारा माणूस सूर्यासमोर बसला असता तर? हा अवघड सामना 'स्ट्रायकर' खेळतच नाही.

खरं तर 'हौशी' या शब्दातच गोंधळ आहे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये कोलकात्यात आणि पुन्हा 1964 मध्ये बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, ते हौशी गटातच. तिथे हौशी म्हणजे पैशासाठी न खेळणारा. आपण गल्लीत मात्र हौशी म्हणजे 'जेमतेम खेळणारा' असं समजतो. या दोन अर्थांच्या फटीतूनच मी फॉर्म भरला होता.

अमेरिकेत 1979 पासून चालणाऱ्या एका मोठ्या पूल लीगनं ही फट नियमानं बुजवायचा प्रयत्न केला. एट-बॉलमध्ये प्रत्येक खेळाडूला 2 ते 7 असा दर्जा मिळतो आणि सामन्यातल्या पाच जणांची बेरीज 23 च्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे दोन 7 घेतलेत तर उरलेले तिघे मिळून 9 चेच. निष्णात माणसाला बंदी नाही, फक्त त्यानं कच्च्यांना सोबत घेऊन यायचं. मला हा नियम फार आवडतो. पण त्याच्याच पोटातून नवी लबाडी जन्मते: दर्जा खाली राहावा म्हणून मुद्दाम चुकायचं. मग स्कोअर लिहिणाऱ्याला हेही टिपावं लागतं की हा शॉट चुकला की बचावासाठी खेळला. नियम ताकद मोजू शकतो, पण हेतू ओळखणं शेवटी माणसावरच पडतं.

आपल्याकडे लहानपणी 'कच्चं लिंबू' असायचं. छोट्याला खेळात घ्यायचं, पण आउट धरायचं नाही. गंमत म्हणजे हे सगळं उघड असायचं. पोरालाही माहीत असायचं की आपल्याला सूट आहे. पक्क्यासाठी मात्र आपण असा शब्द केला नाही. त्यानं काय करायचं, हे आपल्या खेळानं कधी सांगितलं नाही आणि हे सिनेमेही अर्धवटच सांगतात. काका मात्र एका वाक्यात सांगून गेले. माझ्या चांगलं खेळण्यावर त्यांची तक्रार नव्हती. ते त्यांच्यापासून लपवलं, ही तक्रार होती.

ती स्पर्धा मी जिंकली. घड्याळ मिळालं होतं, ते आईनं स्वयंपाकघरात लावलंय. परवा पुन्हा फॉर्म आला तेव्हा नावासमोर मी 'कॉलेज संघातून खेळलेला' असं लिहून दिलं. आयोजक पोरगा म्हणाला, "दादा, असा रकानाच नाहीये." मी म्हटलं, समासात लिही.