एका मिनिटाची भीती

एक मिनिटाची जाहिरात. आजच्या भाषेत एक रील. ७ सप्टेंबर १९६४ च्या रात्री अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर सिनेमा चालू असताना ती दाखवली गेली. प्रचाराची जाहिरात म्हणून ती तेवढी एकदाच लागली. पुढे बातम्यांमधूनच ती देशभर पोहोचली. तिचं नाव ‘डेझी’. यूट्यूबवर सापडते, आधी पाहून या.

एक चिमुरडी फुलाच्या पाकळ्या तोडत आकडे मोजतेय. मागे पाखरांचा आवाज. पाचनंतर ती सात म्हणते, मग सहा. नऊपर्यंत पोचते तोच एका पुरुषाचा कोरडा आवाज उलटी मोजणी सुरू करतो: दहा, नऊ, आठ... चित्र गोठतं, कॅमेरा तिच्या डोळ्यात शिरतो, पडदा काळा होतो आणि अणुस्फोट. मग राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचा आवाज: माणसांनी एकमेकांवर प्रेम करावं, नाहीतर मरावं, अशा अर्थाचं काहीतरी. शेवटी ३ नोव्हेंबरला मत देण्याचं आवाहन.

कारागिरी म्हणून ही जाहिरात मला आजही थक्क करते. मुलीची मोजणी चुकत चुकत वर चढते, यंत्राची न चुकता खाली येते. एवढ्या एका विरोधावर सगळं उभं आहे. यात रशियाचं नाव नाही, प्रतिस्पर्धी बॅरी गोल्डवॉटर यांचंही नाही. गरजच नव्हती. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून जग युद्धाच्या काठावर जाऊन आलं होतं. भीती घराघरात होतीच, जाहिरातीने फक्त तिचा पत्ता बदलला. मॉस्कोकडून आलेली भीती गोल्डवॉटर यांच्या दारात नेऊन ठेवली.

याला आधार नव्हता असं नाही. १९६३ च्या अणुचाचणी बंदी कराराविरुद्ध गोल्डवॉटर यांनी मत दिलं होतं. छोटी अण्वस्त्रं वापरायचा अधिकार नाटोच्या सेनापतींकडे असावा, असंही ते म्हणत. काही दिवसांनी याच प्रचारातली दुसरी जाहिरात आली. तिच्यात एक मुलगी आइस्क्रीम खातेय आणि एक बाई शांतपणे सांगतेय की, चाचण्यांमुळे स्ट्रॉन्शियम-९० सारखी विषारी द्रव्यं मुलांच्या अन्नात उतरत होती आणि गोल्डवॉटर यांनी करार नाकारला. नाव आहे, मुद्दा आहे. पटला नाही तर खोडता येतो. मला ही जाहिरात जास्त प्रामाणिक वाटते. पण ती किती जणांच्या लक्षात आहे?

माझा आक्षेप इथे आहे. ‘डेझी’ खोटं बोलत नाही, ती प्रश्न लहान करते. बटणावर बोट कुणाचं, एवढंच ती विचारायला लावते. मुळात इतकी बटणं का, आणि ती किती जणांच्या हाताशी आहेत, हे विचारायला मिनिटभरात जागाच उरत नाही. पुढे खुल्या झालेल्या कागदपत्रांतून कळलं की, आणीबाणीच्या काही प्रसंगांसाठी सेनापतींना असे अधिकार आयझेनहॉवर यांनीच देऊन ठेवले होते आणि जॉन्सन यांच्या काळातही ते चालू होते. म्हणजे ज्या गोष्टीची भीती मतदारांना दाखवली गेली, ती काही प्रमाणात आधीच घडलेली होती. गुपचूप.

जॉन्सन ६१ टक्के मतं आणि ४४ राज्यं घेऊन जिंकले. एका जाहिरातीने एवढा विजय मिळत नाही. केनेडींच्या हत्येला वर्षही झालं नव्हतं, सहानुभूती होती. पण शांततेचा उमेदवार ही त्यांची प्रतिमा या प्रचाराने पक्की केली. मार्च १९६५ मध्ये त्यांनीच अमेरिकी मरीन सैनिक व्हिएतनाममध्ये उतरवले. १९६७ पर्यंत अमेरिकेची अण्वस्त्रं ३१ हजारांवर गेली. बोट बदललं नाही, बटणं वाढली.

एकदा ‘डेझी’ आवाज बंद करून पाहा. एक मुलगी, एक फूल, एक स्फोट. शेवटची पाटी सोडली तर उमेदवार त्यात कुठेच नाही. आणि गोल्डवॉटर तर पाटीवरही नाहीत. त्यांना तिथे आपणच उभं करतो.