दोन पेशे आणि एक पूर्वायुष्य

आपल्या मुलांच्या तोंडी असलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ चा. त्याचे नवे नियमपुस्तक २०२४ मध्ये आले. त्यातील दोनच गोष्टींविषयी लिहितो: ‘मल्टिक्लासिंग’, म्हणजे एकाच पात्राने दोन पेशे पत्करणे, आणि ‘फीट’, म्हणजे अंगचे एखादे खास कसब.

२०१४ च्या आवृत्तीत दोन्ही ऐच्छिक होती. चौथ्या पातळीला गुणांत दोनाची वाढ घ्यावी की कसब, असा पेच पडे. आता बहुतेक कसबांबरोबर एक गुण वाढतो, आणि पहिले कसब तर सुरुवातीलाच मिळते. पेशांचा नियम मात्र कडकच राहिला. दोन्हींचा मुख्य गुण किमान १३ हवा. शिवाय तीन पातळ्या योद्धा आणि दोन पातळ्या जादूगार झालेल्याला पाचव्या पातळीच्या योद्ध्याचा जादा वार मिळत नाही, जादूगाराचा अग्निगोलही नाही. मला हे रास्त वाटते. नोकरी सांभाळून इथे पुन्हा कॉलेजात गेलेल्यांना ही किंमत ठाऊक आहे.

माझा आक्षेप पहिल्या कसबावर आहे. ते पूर्वायुष्याला जखडले आहे: शेतकऱ्याला काटकपणा, गुन्हेगाराला सावधपणा. शेतात वाढलेल्याला ग्रंथांचा नाद असू नये काय? वेगळे पूर्वायुष्य रचता येते, पण खेळ चालवणाऱ्याच्या मर्जीने. मुलांनी ती मुभा जरूर मागावी. माणूस कुठून आला यावरून त्याला काय येते हे ठरवणारा नियम निदान आपल्या घरांत तरी निमूटपणे मानला जाऊ नये.