‘तंतू’ या शब्दावरील दुहेरी भार
काष्ठविषयक मराठी लेखनात ‘तंतूंची दिशा’ हा प्रयोग आला की, कोणते तंतू, असे विचारणे भाग पडते. खोडात उभी असलेली लांबट पेशी हाही तंतू, आणि तिच्या भित्तीत सर्पिल वेढे घेणारी सेल्युलोजची अतिसूक्ष्म सूत्रे हेही तंतूच! हा घोटाळा निव्वळ शाब्दिक नव्हे. भित्तीच्या सर्वांत जाड अशा मधल्या थरात ही सूत्रे पेशीच्या अक्षाशी प्रौढ लाकडात बहुधा १० ते ३० अंशांचा कोन करतात. पाइनच्या गाभ्यालगतच्या कोवळ्या लाकडात तो ४० अंशांच्याही पुढे जातो. कोन लहान असता लाकूड ताठ राहते व वाळताना लांबीत हजारात एकदोन भागच आटते. कोन वाढला की ताठपणा घटतो, लांबीतील आकुंचन वाढते, आणि एका कडेस कोवळे लाकूड आलेली फळी वाकते. बार्बर व मेलन यांनी १९६४ साली या आकुंचनाचे गणित मांडले. आमचा विद्यार्थी मात्र दोष शोधील तो रंधा मारल्यावर दिसणाऱ्या रेषांत. आणि त्या तर सरळच असतील! भित्तीतील घटकास ‘तंतुक’ म्हणावे. ‘सूक्ष्म तंतू’ मला पसंत नाही; लिहिण्याच्या घाईत विशेषण गळते व पुन्हा ‘तंतू’च उरतो.