मीठ धुणाऱ्या घरातून

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ वाचून नाक मुरडणारा मराठी वाचक मला अजून भेटलेला नाही. १९३४ साली त्याचा पहिला भाग निघाला. २०१७ साली शांता गोखले यांनी ते नव्याने इंग्रजीत नेले. एवढ्या काळात आपण त्याची स्तुती एकाच सुरात करीत आलो आहोत : काय तो प्रांजळपणा, काय तो विनोद! ही स्तुती खोटी नाही. पण ती फार सोयीची आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. हसण्याच्या भरात त्या पुस्तकाने विचारलेला प्रश्न आपण हळूच बाजूला सारतो.

पुस्तकाच्या आरंभीच लक्ष्मीबाईंचे वडील भेटतात. सत्तावन्नच्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने त्यांच्या डोक्यात सोवळे शिरले. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुवायची, मीठसुद्धा! आमच्या हेदवीच्या शाळेत मी हा भाग वाचून दाखविला तेव्हा वर्ग खो खो हसला. मीही हसलो. संध्याकाळी घरी आलो, तो पडवीच्या कोनाड्यात पालथा घातलेला, कान तुटलेला कप दिसला. आमच्या आगरात काम करणाऱ्या गड्याला चहा द्यायचा तो कप. स्वयंपाकघराचा उंबरा त्याने कधी ओलांडला नव्हता. लहानपणापासून मी तो रोज पाहत आलो होतो. दिसला मात्र त्या दिवशी.

रेव्हरंड नारायण वामन टिळक मूळचे आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे. जन्म १८६१ चा. १८९३ साली आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातील डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. ग्रंथ, चिंतन, निर्णय असा हा प्रवास. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदया’तही वाट ग्रंथांतून आणि वादविवादांतूनच जाते. लक्ष्मीबाईंची वाट निराळी आहे. ती चुलीपासून आणि पाण्याच्या घागरीपासून सुरू होते.

नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या लहानग्या मुलाला घेऊन पंढरपुरास माहेरच्या माणसांच्या आश्रयाने राहिल्या. वर्षांमागून वर्षे गेली. पुढे त्या नवऱ्याकडे परत आल्या, पण आपले सोवळे बरोबर घेऊन आल्या. टिळकांनी सक्ती केली नाही. मग एके दिवशी त्यांच्याच मनाशी उलगडा झाला : माणूस देवाने निर्माण केला, जाती माणसाने केल्या. तेव्हापासून कोणाच्याही हातचे खायचे, कोणाच्याही हातचे पाणी प्यायचे, असे त्यांनी ठरविले. बाप्तिस्मा त्यानंतरचा. आधी घागर मोकळी झाली, मग त्या चर्चमध्ये गेल्या.

या पुस्तकाचे मर्म मला इथे दिसते. लक्ष्मीबाईंनी दुसऱ्याला काय दिले, यावर त्यांची कसोटी लागलेली नाही. दुसऱ्याच्या हातून काय घेतले, यावर लागली आहे. देणे आपल्या सर्व धर्मांनी शिकविले. दान देणाऱ्याचा हात वर राहतो आणि त्याचे सोवळेही शाबूत राहते. परंतु ज्याच्या हातचे पाणी आपण पितो, त्याला आपण माणूस म्हणून मानले, हे कबूल करावेच लागते. करुणा आणि बरोबरी यांतला हा फरक एखाद्या तत्त्वज्ञाने शंभर पानांत मांडला असता. लक्ष्मीबाईंनी तो एका तहानेत मांडला.

आता दोषाचेही बोलले पाहिजे. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्यांत बहुसंख्य लोक महार-मांग समाजांतले होते. बाईंसाठी धर्मांतर म्हणजे घर उद्ध्वस्त होणे. त्या माणसांसाठी कदाचित ते प्रथमच ताठ उभे राहणे असेल. ती बाजू ‘स्मृतिचित्रां’त येते, पण बाईंच्या अंगणात उभी राहून येते. तिच्या घरात शिरून आपल्याला काही दिसत नाही. हा लेखिकेच्या दृष्टीचा अप्रामाणिकपणा नव्हे. ती तिच्या उभे राहण्याच्या जागेची मर्यादा आहे. वाचकाने मात्र ती ओळखून वाचावे.

टिळकांनाही मंडळीच्या भिंती पुढे अपुऱ्या वाटू लागल्या होत्या. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे मानणारा हा कवी. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले यांना एकत्र बसायचे होते. ९ मे १९१९ रोजी ते वारले आणि दरबार तसाच राहिला. ‘ख्रिस्तायन’ही अपुरे राहिले होते; ते मात्र लक्ष्मीबाईंनी पुरे केले. जिला नवऱ्याने अक्षरे शिकविली, तिने त्याचे महाकाव्य तडीस नेले!

त्या कपाचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. तो मी त्याच संध्याकाळी फोडून टाकला, असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. आई होती तोवर तो कोनाड्यातच राहिला. वर्गात मीठ धुण्याला हसणाऱ्या मास्तराला घरात तोंड उघडण्याचे धैर्य झाले नाही. आता तो कप नाही. गडी ओटीवर बसून आमच्याच कपांतून चहा घेतो. दर दिवाळीला आमच्या घरून त्याच्याकडे फराळाचे ताट जाते आणि रिकामे ताट घासून, पुसून परत येते. त्या ताटातून कधी काही आमच्याकडे का आले नाही, हे मी आजवर विचारले नव्हते. त्याने विचारायचे धाडस का केले नसेल, ते मला कळते. यंदा पाडव्याला त्याच्या घरी फराळाला येतो, असे मी त्याला आपणहून सांगितले आहे. तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, “गुरुजी, लवकर या.”