मराठी पडद्यावरचा अभिनय : बोलीची कसोटी

मराठी चित्रपटातल्या नटाची पहिली परीक्षा कानाने घेतली जाते. 1932च्या ‘अयोध्येचा राजा’पासून पडदा बोलू लागला, तेव्हा संगीत रंगभूमीचा संस्कार त्याच्यासोबत आला. शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा खणखणीत स्वर आणि सुटे, स्वच्छ उच्चार यांनाच अभिनय मानले जाई. ध्वनिग्राहक आणि कॅमेरा जवळ आल्यावर हे सामर्थ्य आवरावे लागले. मराठी अभिनयातले उत्तम ते याच आवरण्यातून घडले.

‘संत तुकाराम’ (1936) हा त्याचा पहिला मोठा दाखला आहे. विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम गाण्यातून बोलण्यात आणि बोलण्यातून गाण्यात सहज जातो. भक्तीसाठी ते वेगळा आविर्भाव करत नाहीत. समोर गौरी यांची जिजाई संसाराच्या ओढाताणीने करवादलेली, देवळात शिरून विठ्ठलालाच जाब विचारणारी. तिच्या रोखठोक बोलण्यामुळे तुकारामाची शांतता खरी वाटते. पुढच्याच वर्षी ‘कुंकू’मध्ये शांता आपटे यांनी जरठ-बाला विवाह नाकारणाऱ्या नीरेचा संताप ताठ मानेतून आणि थेट नजरेतून उभा केला.

संयमाची कला ‘सामना’त (1975) कळसाला पोचली. डॉ. श्रीराम लागू यांचा मास्तर गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेबद्दलचा एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारतो आणि दर वेळी त्याचा अर्थ थोडा पुढे सरकतो. निळू फुले यांचा हिंदुराव आवाज चढवत नाही. रेंगाळलेला शब्द आणि तिरकी नजर एवढ्यावर तो साखरपट्ट्यातली सत्ता दाखवतो. एकाला रंगभूमीवरच्या वाचिक अभिनयाची बैठक, दुसऱ्याला राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाची. दोन्ही शाळा एकाच चौकटीत समोरासमोर येतात आणि एकमेकींना उठाव देतात. ‘उंबरठा’त (1982) सुलभाच्या भूमिकेत स्मिता पाटील यांनी संवादाइतकेच महत्त्व ऐकण्याला दिले. समोरचा बोलत असताना सुलभाच्या चेहऱ्यावर तिचा निर्णय आकार घेताना दिसतो.

विनोदी अभिनयाला समीक्षेने कमी लेखले, हा अन्याय आहे. ‘अशी ही बनवाबनवी’मध्ये (1988) अशोक सराफ वाक्य संपल्यावर नेमका किती थांबा घ्यायचा हे जाणतात. हशा त्या थांब्यात पिकतो. लक्ष्मीकांत बेर्डे यांची धांदलही त्याच हिशेबावर उभी असते.

नव्या शतकात नट घडवण्याचा रस्ता बदलला. ‘फँड्री’तला (2013) सोमनाथ अवघडे आणि ‘सैराट’मधली (2016) रिंकू राजगुरू नाट्यशिक्षण घेऊन आलेली नव्हती. त्यांची बोली आणि देहबोली त्यांच्याच मुलखाची होती. ‘फँड्री’त किशोर कदम यांच्यासारखा रंगभूमीवर मुरलेला नट आपली सगळी तयारी लपवून त्या मुलाच्या शेजारी उभा राहतो. ‘कोर्ट’मध्ये (2014) गीतांजली कुलकर्णी यांची सरकारी वकील कायद्याची कलमे चढउताराशिवाय वाचत जाते. त्या सपाटपणातून यंत्रणेचा निर्विकारपणा अंगावर येतो.

आजची उणीवही बोलीपाशीच दिसते. दैनंदिन मालिकांच्या चित्रीकरणाच्या वेगात तालमीला पुरेसा वेळ मिळत नाही, आणि प्रत्येक भावना मोठ्याने अधोरेखित करण्याची सवय तिथून चित्रपटात शिरते. ग्रामीण पात्र म्हटले की कुठलीही ठोकळेबाज बोली चालते, असा समज अजून टिकून आहे. पोटासाठी शहरात गेलेल्यांच्या बोलीचीही तीच गत आहे. सुरतेत पर्वत पाटिया, लिंबायत, उधना या भागांत कापडधंद्याच्या निमित्ताने खानदेशातली असंख्य माणसे स्थायिक झाली. त्यांच्या घरातली अहिराणी आणि कामाच्या जागेवरची गुजराती-हिंदी मिसळलेली मराठी मुख्य धारेच्या पडद्यावर क्वचितच मानाने येते. आली तरी बहुधा हशासाठी येते. अशा बोलीतले दुःख, प्रेम आणि अधिकार पेलणे हे आजच्या नटापुढचे खरे आव्हान आहे. त्यासाठी उच्चारांची नक्कल पुरणार नाही; त्या माणसांमध्ये राहून त्यांची श्वासाची लय आणि त्यांचे मौनही शिकावे लागेल. निर्मात्यांनी तालमीसाठी वेळ आणि पैसा राखून ठेवला, तरच हे कौशल्य वाढेल.