अरण्य आणि अरण्याचा पडदा

घनदाट अरण्यांत कॅमेरा घेऊन प्रथमच जाणाऱ्या माणसाची निराशा ठरलेली असते. ऐन पावसाळ्यांत आंबोलीच्या रानांत हिंडून आलेल्या एखाद्या हौशी मित्राचीं छायाचित्रें ज्यांनीं पाहिलीं असतील, त्यांस हें निराळें सांगावयास नको. डोळ्यांस जें अद्भुत वाटलें, तें चित्रांत नुसतें हिरवें गचपण होऊन उतरतें. कारण उघड आहे. अरण्यांत शिरलेला माणूस केवळ डोळ्यांनीं अरण्य पाहात नाहीं. तो मान वळवितो, कान देतो, ओल्या पाचोळ्याचा वास घेतो, आणि या सर्वांचें मिळून त्याच्या मनांत अरण्य तयार होतें. कॅमेऱ्यास मात्र एकच डोळा, आणि तोहि क्षणभर उघडणारा. तेव्हां जें काम फारसें कोणीं केलें नव्हतें अशा काळीं ज्यानें तें अंगावर घेतलें, त्याच्या कृतीचें परीक्षण बोधप्रद होईल असें वाटतें.

आल्बर्ट फ्रिश हा जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें १८४० सालीं जन्मलेला छायाचित्रकार. ब्राझीलमध्यें रिओ द जानेरो येथील लॉइत्सिंगर यांच्या पेढीसाठीं तो १८६७ सालीं ॲमेझॉन नदीच्या वरच्या प्रवाहांत नावेनें हिंडला. त्यानें आणलेलीं सुमारें शंभर चित्रें पुढें त्या पेढीनें विक्रीस ठेविलीं. नदीचे कांठ, नावा, वृक्ष, झावळ्यांनीं शाकारलेलें तिकुना लोकांचें घर, आणि तिकुना, मिरान्या इत्यादि जमातींचीं माणसें असे त्यांचे विषय आहेत. त्या प्रदेशाच्या आज उपलब्ध असलेल्या अगदीं पहिल्या छायाचित्रांत त्यांची गणना होते.

फ्रिशच्या अडचणींची कल्पना आल्याखेरीज त्याच्या गुणदोषांचा निवाडा करणें अन्यायाचें होईल. त्या काळीं ओल्या कलोडियनची रीत प्रचारांत होती. कांचेवर कलोडियनचा पातळ थर द्यावयाचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रवांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालून चित्र घ्यावयाचें, आणि थर सुकण्यापूर्वींच काळोखांत धुऊन तें प्रकट करावयाचें. हें सर्व दहा-पंधरा मिनिटांच्या आंत! म्हणजे छायाचित्रकारास आपली अंधारी खोलीहि बरोबर वागवावी लागे. पण याहून मोठी अडचण खुद्द अरण्याच्या रंगाची होती. कलोडियनची कांच निळ्या-जांभळ्या प्रकाशास तत्काळ वश होते. हिरव्यास ती जवळजवळ दाद देत नाहीं. हिरव्या रंगाची जाण कांचेस आणण्याची युक्ति फोगेल या जर्मन शास्त्रज्ञास सांपडली ती १८७३ सालीं. फ्रिशला तिचा लाभ होणें शक्य नव्हतें. शिवाय अशा अरण्यांत शेंड्यांवर पडणाऱ्या उजेडाचा शंभरांतील एखाद-दुसरा हिस्साच जमिनीपर्यंत पोंचतो. सारांश, ज्याचें चित्र काढावयाचें त्याचा रंग कांचेला दिसत नाहीं, आणि जेथें काढावयाचें तेथें उजेड नाहीं.

या अडचणींतून फ्रिशनें दोन वाटा काढल्या. पहिली सरळ होती. अरण्याच्या आंत न शिरतां नदीच्या मोकळ्या उजेडांतून त्यानें अरण्याकडे पाहिलें. अशा चित्रांत खालीं पाणी, वर कोरें आकाश, आणि मध्यें काळसर झाडीची अभेद्य भिंत. आंत काय आहे हें चित्र सांगत नाहीं. आंत जाणें सोपें नाहीं एवढेंच सांगतें. हा कलावंताचा पराभव आहे, पण तो त्यानें लपविलेला नाहीं. आणि म्हणूनच अरण्याचें दुर्गमत्व, जें त्याचें खरें स्वरूप, तें येथें प्रेक्षकाच्या मनावर ठसतें.

दुसरी वाट निराळी. माणसांस साध्या, सपाट पार्श्वभूमीपुढें उभें करून त्यानें त्यांचें चित्र वेगळें घेतलें, वनश्रीचें वेगळें घेतलें, आणि दोन कांचांवरून एकाच कागदावर एक चित्र छापलें. झाडीच्या चित्रास जितका वेळ हवा, तितका वेळ माणूस निश्चल राहात नाहीं, हें त्याचें कारण समजण्यासारखें आहे. हस्तकौशल्यहि वाखाणण्यासारखें आहे. सांधा सहजासहजीं दिसत नाहीं. कोणी म्हणेल, त्याच्या कांहीं वर्षें आधीं फ्रान्समधील ल ग्रे हाहि एका कांचेवरचें आकाश दुसरीवरच्या समुद्राशीं जोडीत होता, मग फ्रिशलाच दोष कां? किंवा आपल्या आजोबा-पणजोबांचीं चित्रें तरी रंगविलेल्या बागेच्या पडद्यापुढेंच ना काढलेलीं?

हा आक्षेप वाटतो तितका बळकट नाहीं. ल ग्रेच्या ढगांनीं समुद्राविषयीं कोणाचा फारसा गैरसमज झाला नाहीं. आणि आपल्या घरांतील त्या चित्रांत पडदा पडदाच दिसतो. शेजारच्या उंच तिवईवर हात ठेवून उभे असलेले पणजोबा त्या बागेंत राहात होते असें नातवंडांस कधींहि वाटत नाहीं. शिवाय पडद्यापुढें उभें राहावयाचें हें त्यांनीं स्वतः ठरविलेलें असतें. फ्रिशच्या चित्रांतील तिकुना माणसास आपल्यामागें कोणतें रान येणार हें ठाऊक असण्याचा संभव थोडा, आणि युरोपांतील गिऱ्हाइकास तो त्या रानांत उभा नव्हता हें ठाऊक नव्हतें. चित्राखालीं जमातीचें नांव आहे, माणसाचें नाहीं. ज्याचें नांव राहिलें नाहीं, त्याच्यापाशीं आपलें म्हणून सांगावयास आपण उभे होतों ती जागा तेवढी उरते. फ्रिशनें तीहि बदलली. नाटकांतील वनवासाच्या पडद्याप्रमाणें अरण्य मागें टांगलें गेलें, आणि त्याच्यापुढें माणूस पात्र होऊन उभा राहिला.

एवढ्यावरून फ्रिशला लबाड ठरविणें मात्र योग्य होणार नाहीं. ज्या कष्टानें त्यानें त्या कांचा ओल्या ठेविल्या, त्या कष्टाबद्दल आदरच वाटतो. पण आदर आणि मान्यता या दोन गोष्टी भिन्न आहेत. आज हा प्रश्न जुन्या चित्रांपुरताच राहिलेला नाहीं. त्याला ज्या सांध्यासाठीं एवढा खटाटोप करावा लागला, तो आज खिशांतील मोबाइल बोटाच्या एका स्पर्शानें करतो; रान दाट करतो, उजेड वाढवितो, नकोसा माणूस पुसून टाकतो. प्रथमच अरण्यांत जाणाऱ्या हौशी मित्रास हा मोह फ्रिशपेक्षां अधिक आहे आणि त्याची सबब मात्र त्याच्यापाशीं नाहीं.

म्हणून तो मित्र आंबोलीहून आपलें हिरवें गचपण घेऊन आला, तर त्यास हंसूं नये. त्यांत वाट सांपडत नाहीं, एकहि झाड वेगळें दिसत नाहीं, हें खरें. पण रानांत त्यालाहि तसेंच झालें होतें. फ्रिशच्या शंभर चित्रांतून एकच घरांत लावावयाचें झालें, तर मी नदीकांठचें तें बिनमाणसांचें, काळसर झाडीचें चित्र निवडीन.